काळी चार

"मास्तर, आदी डबा आत ठेवा. काम मागनं सांगतो."

त्र्यंबक मास्तरांनी डब्याकडं पाहिलं आणि मग केरबाकडं. कुणाकडं काम असलं की केरबा आधी त्या माणसाला जेवू घालतो, हे साऱ्या मंगळवार पेठेला ठाऊक होतं. पण मास्तर पडले शाकाहारी, आणि केरबाचा हात बसलेला मटणावर. त्यामुळं डबा घ्यावा की न घ्यावा, अशा पेचात मास्तर दारातच उभे राहिले.

"अख्खा मसूर हाय," केरबा घाईनं म्हणाला. "नव्या भांड्यात केलाय. मटणाची पळीसुदिक लागू दिली न्हाय बगा."

मास्तर हसले. डबा आत गेला, केरबाही आत गेला आणि सतरंजीच्या अगदी कडेला बसला. मास्तर शाळेत गाणं शिकवायचे आणि पेटी फार गोड वाजवायचे. ती पेटी समोरच्या फळीवर खणाच्या कापडात गुंडाळून ठेवली होती. केरबा तिच्याकडं असा बघत होता, की जणू ती आता उठून काहीतरी बोलणार आहे.

त्याच्या जिवाला घोर लागला होता तो या पेटीचाच. यंदा शिवजयंतीला तालमीच्या पोरांनी शाहीर गणपतरावांचा पोवाडा टेप करायचं ठरवलं होतं. कुणाच्या तरी मेव्हण्यानं मुंबईहून टेपरेकॉर्डर आणला होता, आणि नुसत्या डफ-ढोलकीवर टेप बरा वाटणार नाही, साथीला पेटी पाहिजे, असं पोरांच्या डोक्यात भरलं होतं. गणपतरावांच्या पार्टीत आजवर पेटी कधी नव्हती. पुढं डफ घेतलेले गणपतराव, डाव्या अंगाला ढोलकीवर बाळासो, आणि मागं तुणतुणं घेऊन झील धरणारा, शाहिराच्या सुराला सूर जोडणारा केरबा. तिघांत मिळून सारा पोवाडा. तुणतुण्याला एक तार, एक खुंटी. त्यातून एकच सूर निघतो, आणि तो एकच सूर धरून केरबानं उभी हयात काढली होती.

"बोल आता," मास्तर म्हणाले.

"शाहीर तुमाला पट्टी सांगतील काळी चार," केरबा म्हणाला. "तुमी व्हय म्हणा. आन् पेटी जरा खालनं, काळी दोनमदनं धरा."

"अरे, त्यांना कळणार नाही का?"

"त्ये पुढं उभं ऱ्हात्यात, तुमी मागं. शाहीर मागं वळून बगत न्हाईत. आन् सूर त्यांच्या कानाला वळखीचाच लागंल. गेली कैक वर्सं त्ये दोनमदीच गात्यात. फकस्त त्यांस्नी ठावं न्हाय."

मग केरबानं मान खाली घालून सगळं सांगितलं.

गडमुडशिंगीची जत्रा होती, बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. कुस्त्या संपल्या होत्या आणि माणसं अंगावर माती तशीच घेऊन पोवाड्याला बसली होती. गणपतरावांचा त्या काळचा आवाज काय सांगावा! दिवसभर गुळाच्या अडतीवर ढेपा तोलणारा हा माणूस, पण डफावर थाप पडली की गल्लीतलं झोपलेलं पोर दचकून उठायचं. काळी चार पट्टी. एवढ्या चढ्या पट्टीत गाणारा शाहीर आसपास नव्हता, आणि हे गणपतराव स्वतःच सगळ्यांना न विचारता सांगायचे. पोवाड्यात शेवटी गडावरच्या तोफा सुटतात, ती जागा सगळ्यात उंच. तिथं शाहीर सूर लांबवतो आणि मागून झीलकरी त्यालाच येऊन मिळतो. त्या दिवशी त्या जागेवर आवाज फुटला. मडकं फुटावं तसा फुटला. गणपतरावांनी लगेच खोकल्याची उबळ आल्यासारखं केलं, पाणी मागितलं, दोन शब्द विनोदाचे बोलले आणि वेळ मारून नेली. लोकांच्या लक्षातही आलं नाही. पण रात्री पाटलाच्या पंगतीत गणपतराव ताटावर नुसतेच बसून राहिले. समोर मटण, आणि हा माणूस भाकरीचा तुकडा मोडून तसाच ठेवतो, हे केरबाला बघवेना.

पुढच्या कार्यक्रमाला त्यानं तार बदलली आणि खुंटी पिळताना एक केसभर अलीकडंच थांबला. गणपतराव मोकळेपणानं गायले. पुढच्या वर्षी आणखी केसभर. असं करत करत तार काळी चारवरून काळी दोनपर्यंत कधी उतरली, ते केरबालाही कळलं नाही. गणपतराव मात्र अजून छातीवर हात मारून सांगायचे, "आपली पट्टी काळी चार!" आणि केरबा मागं उभा राहून मान डोलवायचा.

"आता पेटी आली," केरबा म्हणाला. "पेटीची पट्टी काय खाली-वर हुत न्हाय. साऱ्या पेठेसमोर त्यांची मान खाली जाईल, मास्तर. तेवडं करू नगासा."

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातला.

"केरबा, काल गणपतराव येऊन गेले."

"कशाला?"

"ह्याच कामाला. तू मसूर आणलास, त्यांनी गुळाची ढेप आणली." मास्तरांनी कोपऱ्याकडं बोट केलं. खरंच ढेप होती. "म्हणाले, 'आमच्या केरबाचा गळा कारखान्यातल्या भट्टीच्या धुरानं गेला. म्हणून तो तार उतरवतोय. बिचाऱ्याला वाटतंय मला कळत नाही. तुम्ही पेटी काळी दोनमधूनच धरा, पण पट्टीचं नाव त्याच्यासमोर काढू नका. त्याला लागेल.'"

केरबानं त्या ढेपेकडं पाहिलं.

"आणि जाताना म्हणाले," मास्तर जरा थांबून म्हणाले, "'माझी काळी चार काय, अजून जागेवर आहे. पण केरबाला मागं टाकून वर जाऊन मी करू काय?' हे तुला सांगू नये असं मला वाटत होतं. पण दोघांची गुपितं पोटात ठेवून मला पेटी वाजवता यायची नाही, बाबा."

केरबा घरी चालत आला. सायकल मास्तरांच्या दारातच राहिली, हे त्याला घरी आल्यावर आठवलं.

त्या आठवड्यात शिरोलीला लोखंड ओतायच्या भट्टीवर त्याचं कशात लक्ष नव्हतं. साच्यात माती ठोकताना हात थांबायचा. गणपतरावांचा आवाज अजून जागेवर असेल, तर इतकी वर्षं आपण काय केलं? असा गळा परमेश्वर शंभरात एकाला देतो, आणि आपण त्याला मांजराच्या पिलासारखं धरून खाली बसवून ठेवलं. दोस्ताची लाज राखतोय म्हणून रोज मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली, आणि राखत होता तोच आपली! आणि त्याहून वाईट म्हणजे आता खुंटी पिळून ती वर्षं परत येणार नव्हती. टेप आत्ता होणार, पन्नाशी उलटल्यावर. भर तारुण्यातला तो आवाज कुठं म्हणजे कुठंच उरलेला नव्हता. केरबाला भाकरी गोड लागेना.

"तुमाला झालंय तरी काय?" बायको चिमणाबाई विचारायची. "मटनाचा बाजार न्हाय का आणायचा ऐतवारचा?"

"आणतो की."

"मग मसाला कवा वाटायचा? का मी करू?"

ही धमकी होती. रविवारच्या मटणाला केरबा बायकोला हात लावू द्यायचा नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण खोबरं किती भाजायचं यावर नवरा-बायकोचं एकदाही एकमत झालं नव्हतं.

रविवारी सकाळी केरबानं मटण शिजत टाकलं आणि ओसरीवर येऊन तुणतुण्याची जुनी तार काढली. नवी तार ओवली. पोवाड्याच्या सरावासाठी मास्तर पेटी घेऊन आले होते.

"मास्तर, काळी चार द्या."

मास्तरांनी भुवया वर केल्या, पण पट्टी दाबली. केरबानं खुंटी पिळली. तार ओरडायला लागली, तरी तो पिळत राहिला. सूर पट्टीला जाऊन मिळाला तेव्हा त्याच्या अंगावर काटा आला. हा सूर या ओसरीवर फार वर्षांनी वाजत होता. आत चिमणाबाईचा हात चुलीवर थांबला.

बाळासो आला, खांद्यावर ढोलकी, हाताला सायकलच्या दुकानातलं काळं ग्रीस. त्यानं तुणतुण्याची तार ऐकली आणि दारातच उभा राहिला. केरबाकडं पाहिलं. मग आल्या पावली परत फिरला.

"अरं कुटं चाललास?" केरबा ओरडला.

"आलोच!"

तो परत आला तेव्हा खांद्यावर दुसरी ढोलकी होती, लहान तोंडाची. केरबानं ती ओळखली. गडमुडशिंगीच्या जत्रेतली ढोलकी. चढ्या पट्टीला लहान तोंडाची ढोलकी लागते, आणि तार खाली आली की ती बोलत नाही. ती जत्रा होऊन गेल्यावर एक-दोन वर्षांतच बाळासो मोठ्या तोंडाची ढोलकी घेऊन आला होता.

"उंदरानं खाल्ली म्हणालतास की रं!" केरबा म्हणाला.

"मग काय म्हणू? तू तार उतरवलीस, आन् मी ढोलकी बदलली म्हणू?" बाळासोनं बूड टेकलं. "लई इचारू नगं. वाजीव."

तेवढ्यात गणपतराव आले. मिशा पांढऱ्या, फेटा मात्र गुलाबी. केरबानं नेहमीसारखी अळणी रश्श्याची वाटी त्यांच्या हातात दिली. मटणाचं हे बिनमिठाचं पहिलं पाणी, त्यात मिऱ्याची पूड. गाण्याआधी गळ्याला हेच लागतं, अशी गणपतरावांची श्रद्धा. त्यांनी फुंकर घालत वाटी संपवली, मिशा पुसल्या, डफ घेतला.

केरबानं तार छेडली.

गणपतरावांचा डफावरचा हात तसाच राहिला. त्यांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर पेटीच्या भात्याशी उगाच काहीतरी करत होते.

"म्हणा, शाहीर," केरबा म्हणाला. "तुमचीच पट्टी हाय."

गणपतरावांनी सुरुवात केली. पोवाड्याचे पहिले चौक सरळ गेले. सरळ काय, घोड्यासारखे गेले. केरबाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हा आवाज होता! हा असा होता, आणि आपण त्याला उतरवलं! तो झील धरत होता, रडत होता, पुन्हा झील धरत होता. बाळासोचा हात त्या लहान ढोलकीवर नुसता नाचत होता. गल्लीतली दोन-चार माणसं ओसरीपाशी येऊन उभी राहिली.

तोफांची जागा आली. गणपतरावांनी छाती भरून श्वास घेतला आणि सूर वर टाकला. केरबा मागून जाऊन मिळाला.

आवाज फुटला.

ढोलकी थांबली. गणपतराव खोकायला लागले. खूप खोकले. मग एकाएकी खोकायचे थांबले आणि डफ खाली ठेवला.

"का चढवलीस रं?" ते केरबाला म्हणाले. "मी काय तक्रार केलती तुज्याकडं? गळा झेपंना तर कशाला चढवायची? आं? चारचौगात सवताचं हसं करून घ्यायला?"

"माजा गळा?"

"मग कुणाचा? मुडशिंगीला फुटला त्यो कुणाचा? मी खोकलो म्हणून भागलं, न्हायतर पाटलानं नारळ दिला असता तुला!"

"शाहीर, त्यो तुमचा फुटला हुता," केरबा म्हणाला. "म्हणून तर मी तार उतरवली."

"माजा?" गणपतराव उठूनच उभे राहिले. "माजा फुटला? आन् इतकी वर्सं तू मला भुलवत आलास? ल्हान पोर समजलास व्हय मला?"

"तुमी मला न्हाय समजलासा?"

"मी तुजी दया केली, लेका!"

"मागिटली हुती का मी?"

दोघांचेही चेहरे लाल झाले होते. उभ्या आयुष्यात ही दोन माणसं एकमेकांवर अशी ओरडली नव्हती. चिमणाबाई हातात उलथनं घेऊन दारात आली. गणपतरावांनी चपला पायात घातल्या. ते आता जाणार, आणि गेले तर शिवजयंती बाजूलाच राहिली, उद्यापासून बोलणंसुद्धा राहणार नाही, हे केरबाला स्वच्छ दिसलं.

"दोगांचा," बाळासो म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडं पाहिलं.

"मुडशिंगीला दोगांचाबी फुटला. एकाच टायमाला. आत्ताबी दोगांचाच फुटला." बाळासो ढोलकीची दोरी चाचपत होता. "तुमी दोगं वरडत असता. तुमाला सवताचं काय ऐकू येतंय? गप बसून ऐकणारा मी एकटा हाय हितं."

"मग तवाच का बोलला न्हाईस, मर्दा?" गणपतराव म्हणाले.

"काय बोलू? ह्यो तुज्यासाठनं उतरवतोय, तू ह्याच्यासाठनं खाली गातोयस. दोगंबी खुशीत. मी कशाला मदी पडू? ढोलकी बदलली आन् गप बसलो."

मास्तरांनी पेटीवरचा हात काढला. तेवढ्यात चिमणाबाई म्हणाली, "आवं भावजी, जायाचं आसंल तर जावा, पर पांढरा फाटाय लागलाय. जेवून तर जावा."

केरबा ताडकन उठून आत धावला. पांढरा रस्सा फाटणं ही त्याच्या घरात आजवर न घडलेली गोष्ट होती. रस्सा ठणठणीत होता. आतून त्याच्या तोंडून बायकोला एक शिवी आली, आणि ती ऐकून बाळासो हसला. त्याच्यामागं गणपतराव हसले. हसता हसता त्यांनी फेट्याचा शेमला डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

केरबा बाहेर आला. उंबऱ्याशी उभा राहून त्यानं आठवडाभर खात असलेला प्रश्न विचारला.

"गणपा," तो म्हणाला. चारचौघांत तो शाहीरच म्हणायचा. ही हाक लहानपणीची होती. "मी उतरवली नसती, तर तुजा गळा ऱ्हायला असता का रं? वरच गात ऱ्हायला असतास तर?"

खोटं बोलावं असं गणपतरावांच्या मनात आलं असेल, तर ते त्यांनी बाजूला सारलं.

"ठावं न्हाय," ते म्हणाले. "ऱ्हायला असता, न्हायतर कवाच बसला असता. पर एकट्यानं वर जाऊन बोंबलण्यात काय हाय? मागं कुणी झील धराय नगो?" मग ते पुन्हा खाली बसले, चपला काढल्या आणि डफ मांडीवर घेतला. "उतरीव."

"आं?"

"तार उतरीव म्हणतो. आज माज्यासमोर उतरीव."

केरबानं तुणतुणं घेतलं. खुंटी हळूहळू ढिली केली. मास्तरांनी न सांगता काळी दोन दाबली. तार खाली खाली येत पट्टीला लागली. गणपतराव डोळे मिटून ऐकत होते. आजवर ही गोष्ट त्यांच्यामागं होत आली होती; आज पहिल्यांदा ती समोर झाली. बाळासोनं लहान ढोलकी धोतराच्या सोग्यानं पुसली आणि बाजूला ठेवली.

त्या दिवशी गणपतरावांनी चार भाकरी खाल्ल्या. मास्तरांना मसूर होता.

शिवजयंतीच्या संध्याकाळी चौक गच्च भरला होता. टेपरेकॉर्डर टेबलावर मांडला होता आणि त्याला कुणी धक्का देऊ नये म्हणून तालमीतले दोन पैलवान दोन्ही बाजूंना उभे होते. मंडळाच्या अध्यक्षानं माइकवर नेहमीसारखं सांगितलं, "शाहीर गणपतराव आणि पार्टी!" पार्टी म्हणजे कोण, हे कुणी कधी सांगत नसे, आणि केरबा-बाळासोंना त्याचं काही वाटतही नसे. मागं उभ्या असणाऱ्यांची नावं कोण घेतो? शाहीरसुद्धा एकदा पुढं उभा राहिला की मागं पाहत नाही. मागं पाहिलं तर लोकांना वाटतं, गडी शब्द विसरला.

मास्तरांनी भाता हलवला आणि साऱ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, ठरल्याप्रमाणं विचारलं, "शाहीर, पट्टी कुठली?"

आता काळी चार म्हणायचं, मास्तरांनी हो म्हणायचं आणि दोनमधून धरायची, असं जेवताना नक्की झालं होतं. शाहिराचं नाव राहिलं पाहिजे, असा केरबानंच हट्ट धरला होता.

गणपतराव माइकपाशी सरकले. टेपची चाकं फिरत होती.

"पट्टीचं माज्याकडं काय न्हाय," ते म्हणाले. "ती आमच्या केरबाकडं असती. त्यो दील ती माजी."

चौकात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांना त्यात विशेष काही वाटलं नसावं. गणपतराव सावकाश वळले आणि भर गर्दीकडं पाठ करून, डफ छातीशी धरून, केरबाकडं बघत उभे राहिले.

केरबानं तार छेडली.